तात्पर्य की विनियोग? : चॅटबॉटमधील ‘इंटेंट’ ह्या संज्ञेचे परीक्षण

१

चॅटबॉट, म्हणजे मनुष्याशी संभाषण करणारी संगणकप्रणाली, रचताना रचनाकाराला प्रथम एक यादी करावी लागते. वापरणारा मनुष्य प्रणालीकडे कोणकोणत्या हेतूंनी येईल, ह्याची ही यादी होय. तिच्यातील प्रत्येक नोंदीस ‘इंटेंट’ असे म्हणतात. ही नोंद पडद्यावरील रकाने हाताने भरून करता येते. त्याचप्रमाणे प्रोग्रामिंग इंटरफेसच्या द्वारे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला ठराविक आकाराचा मजकूर पाठवूनही करता येते. मोठ्या संस्थांत जेथे नोंदींची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते, तेथे हा दुसरा मार्गच सोयीचा ठरतो.

वक्त्याचा हेतू हा भाषाविचारातील अत्यंत जुना व वादग्रस्त विषय आहे. नैयायिकांनी त्याला तात्पर्य म्हटले. साहित्यशास्त्रकारांनी त्याचा शोध व्यंजनेच्या मार्गाने घेतला. विसाव्या शतकात ऑस्टिन, ग्राइस व सर्ल ह्यांनी त्यावर आपापल्या उपपत्ती उभारल्या. इतक्या चर्चेनंतरही जी गोष्ट पूर्णपणे हाती आलेली नाही, ती दहा-वीस वाक्ये व चार-दोन रकाने भरून निश्चित करता येत असेल, तर भाषाशास्त्राला ती नवी प्राप्ती मानावी लागेल. येत नसेल, तर रकान्यांत प्रत्यक्षात कशाची व्याख्या होते, हे शोधावे लागेल. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हा केवळ शब्दाचा वाद नाही. बँक, प्रवास, रुग्णालय व शासकीय कचेरी ह्यांच्या दारात आता अनेकदा प्रथम चॅटबॉटच भेटतो. आणि आत कोणाचे बोलणे पोचावयाचे, हे ह्या नोंदींवर अवलंबून राहते.

२

विवेचनासाठी डायलॉगफ्लो ह्या सेवेचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. मूळची एपीआय डॉट एआय ह्या नावाची ही सेवा २०१६ मध्ये गूगलच्या ताब्यात आली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तिच्या ‘ईएस’ आवृत्तीच्या इंटरफेसमध्ये इंटेंटच्या नोंदीची घटकपदे स्पष्टपणे ठरवून दिलेली आहेत. नोंदीला प्रथम एक दर्शनी नाव असते. त्यानंतर ‘ट्रेनिंग फ्रेझेस’, म्हणजे वापरणारा जे बोलेल अशी अपेक्षा आहे त्याची नमुनावाक्ये येतात. ती निदान दहा ते वीस असावीत, अशी शिफारस आहे. प्रत्येक वाक्याचे तुकडे पाडून कोणता तुकडा स्थळवाचक, कोणता कालवाचक हे दाखविता येते. ह्या तुकड्यांतून मिळणाऱ्या मूल्यांची, म्हणजे ‘पॅरामीटर्स’ची, यादी वेगळी असते. त्यांपैकी आवश्यक कोणती व ती न मिळाल्यास कोणता प्रश्न विचारावा, हेही तेथेच नमूद करावयाचे असते. पुढे करावयाच्या क्रियेचे नाव, द्यावयाचे उत्तर आणि ही नोंद कोणत्या संदर्भात लागू व्हावी व कोणता संदर्भ मागे ठेवावा, ह्यांचे रकाने येतात.

नोंदी तयार झाल्यावर व्यवहार उलट दिशेने चालतो. वापरणाऱ्याचे वाक्य प्रणालीकडे जाते; ती त्याची नमुन्यांशी तुलना करते आणि एका इंटेंटचे नाव व शून्य ते एक ह्यांमधील एक विश्वासांक परत करते. हा अंक ठरविलेल्या मर्यादेखाली गेला, आणि ही मर्यादा मुळात ०.३ अशी ठेवलेली असते, तर ‘फॉलबॅक’ नावाची राखीव नोंद लागू होते. ‘आपले म्हणणे समजले नाही’ हे सर्वपरिचित उत्तर तेथून येते.

ह्या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. तिच्यात गूढ असे काही नाही. प्रत्येक गृहीतक रकान्यात लिहिलेले असल्यामुळे ते वाचता येते, तपासता येते आणि बदलता येते. परंतु हे रकाने एका ओळीत मांडून पाहिले, तर एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. क्रिया, आवश्यक मूल्ये, पूरक प्रश्न, उत्तर आणि संदर्भ हे सर्व रकाने संस्थेच्या बाजूचे आहेत. वक्त्याच्या बाजूचा रकाना नमुनावाक्यांचा एकच, आणि तोही पुष्कळदा रचनाकारच आपल्या कल्पनेने भरतो. हेतू ज्याचा म्हणून सांगितला जातो, त्याचाच त्याच्या व्याख्येतील वाटा सर्वांत लहान आहे.

३

विश्वनाथाने भाषापरिच्छेदात तात्पर्याची व्याख्या वक्त्याची इच्छा अशी केली आहे. ह्या संदर्भातील ‘सैंधव आण’ हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडा. भोजनाच्या पानावर बसलेल्याने म्हटले तर मीठ आणावयाचे व प्रवासास निघालेल्याने म्हटले तर घोडा. हे उदाहरण डायलॉगफ्लोच्या रचनेत जसेच्या तसे बसविता येते: ‘भोजन’ हा संदर्भ चालू असेल तर एक नोंद, ‘प्रयाण’ हा असेल तर दुसरी. भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थनिर्णयाची जी साधने सांगितली, त्यांतील प्रकरणाचे काम येथे संदर्भाचा रकाना करतो. मात्र भर्तृहरीने प्रकरणाबरोबर साहचर्य, विरोध, औचित्य, देश, काल, स्वर अशी इतरही साधने सांगितली आहेत. इंटरफेसमध्ये संदर्भ म्हणजे केवळ एक नाव व त्याचे आयुष्य. हे आयुष्य संभाषणाच्या फेऱ्यांत मोजले जाते आणि वीस मिनिटांनंतर आपोआप संपते.

सैंधवाचे उदाहरण अनेकार्थी शब्दाचे असल्यामुळे ते तुलनेने सोपे आहे. खरी अडचण मम्मटाने काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात दाखवून दिली. ‘सूर्य मावळला’ ह्या एकाच वाक्याचा वाच्यार्थ सर्वांना सारखाच. परंतु ते कोणी कोणास म्हटले, त्यानुसार शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली, काम थांबवावे, संध्योपासनेस बसावे, गुरे आत घ्यावीत, दुकानाचा माल आवरावा, असे निरनिराळे अर्थ त्यातून निघतात. येथे कोणताही शब्द अनेकार्थी नाही. अनेकत्व आहे ते परिस्थितीचे. सर्लने १९७५ मध्ये अप्रत्यक्ष वाक्कृतींची चर्चा करताना घेतलेले, मीठ पुढे करता येईल का, हे उदाहरणही ह्याच जातीचे. रूपाने तो सामर्थ्याविषयीचा प्रश्न आहे. वस्तुत: ती विनंती आहे. ऑस्टिनच्या १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांपासून हा विचार पुढे आला, की बोलणे ही एक कृती असून तिची ओळख केवळ शब्दांवरून पटत नाही.

आता ‘सूर्य मावळला’ हे वाक्य इंटेंटच्या नोंदींत कोठे घालावयाचे? रचनाकाराचे उत्तर सरळ असेल: प्रणाली गोशाळेची असेल तर ‘गुरे आत घेणे’ ह्या नोंदीत, बाजारपेठेची असेल तर ‘माल आवरणे’ ह्या नोंदीत. व्यवहारात हे उत्तर योग्यच आहे. परंतु त्यात वक्त्याच्या इच्छेचा शोध कोठेच आलेला नाही. प्रणाली काय करू शकते ते आधी ठरले आणि वाक्य त्या क्रियेच्या स्वाधीन केले गेले.

४

ह्या प्रक्रियेला आपल्या शास्त्रपरंपरेत तात्पर्याहून अधिक नेमकी अशी संज्ञा उपलब्ध आहे. ती म्हणजे मीमांसकांची ‘विनियोग’ ही होय. कोणते अंग कोणत्या प्रधान कर्मासाठी योजावयाचे, हे विनियोगविधी सांगतो. मंत्राचा स्वत:चा अर्थ एकीकडे निर्देश करीत असला, तरी त्याचा विनियोग दुसरीकडे होऊ शकतो. इंद्राचे नाव घेणारी ऋचा गार्हपत्य अग्नीच्या उपस्थानासाठी वापरावी, असे साक्षात वचन असल्यास ऋचेचे अर्थसामर्थ्य दुर्बल ठरते व वचन प्रबळ ठरते, हा मीमांसेतील प्रसिद्ध निर्णय आहे. ऋचा इंद्राची; उपयोग मात्र अग्नीपुढे.

इंटेंटची नोंद नेमके हेच करते. अमुक प्रकारची वाक्ये अमुक क्रियेस लावावीत, असे ती सांगते. म्हणून तीत होते ती तात्पर्याची व्याख्या नव्हे. तो उक्तींचा विनियोग आहे. मीमांसकाने विनियोग सांगताना ऋचेला ‘हेच म्हणावयाचे होते’ असा दावा केला नाही. ‘इंटेंट’ हा शब्द मात्र तसा दावा करतो. संस्थेने ठरविलेली क्रिया तो वक्त्याच्या मनात नेऊन ठेवतो आणि तेथे ती आढळल्याचे सांगतो.

ह्यावर असा आक्षेप येईल, की संज्ञा ही केवळ सोयीची असते; यंत्र नीट चालत असेल तर तिच्या व्युत्पत्तीची चिकित्सा कशाला? ह्या आक्षेपाचे उत्तर फॉलबॅकच्या वाक्यात आहे. नोंद म्हणजे वक्त्याचा हेतू अशी समजूत एकदा झाली, की नोंद न सापडणे म्हणजे हेतू न समजणे, असे ओघाने येते. मग ‘समजले नाही’ असे सांगून वक्त्याला पुन्हा, निराळ्या शब्दांत, सोपे करून बोलावयास लावले जाते. वस्तुत: वक्त्याचे बोलणे पुष्कळदा पूर्णपणे स्पष्ट असते, संस्थेने त्याची सोय केलेली नसते. नोंदीला विनियोग म्हटले असते, तर उत्तर ‘ह्या कामाची सोय येथे नाही’ असे लिहावे लागले असते. दोष कोणाच्या पदरी जातो, हे असे संज्ञेवरून ठरते.

५

इंटेंटच्या व्याख्येचा दुसरा विशेष असा, की तीत लक्षण नसते, केवळ उदाहरणे असतात. ‘तिकीट रद्द करणे’ म्हणजे काय, हे कोठेही सांगितलेले नसते. त्या नावाखाली वीस वाक्ये लिहिलेली असतात. नैयायिकांनी लक्षणाचे जे दोष सांगितले ते ह्या उदाहरणसमूहालाही लागू पडतात. आपल्या कक्षेतील वाक्य निसटले तर अव्याप्ती. परक्या कक्षेतील वाक्य आत आले तर अतिव्याप्ती. अतिव्याप्ती टाळण्यासाठी फॉलबॅकच्या नोंदीत निषेधाची उदाहरणे देण्याची सोय आहे. दिसावयास जवळची परंतु लागू न करावयाची वाक्ये तेथे लिहितात.

बँकेच्या ग्राहकांच्या इंग्रजी प्रश्नांचा ‘बँकिंग ७७’ हा संग्रह २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३,०८३ प्रश्न ७७ इंटेंटांत वाटलेले आहेत. त्यांत ‘कार्ड येणे’ अशी एक नोंद आहे आणि ‘कार्ड पोचण्याचा अंदाज’ अशी दुसरी. कार्ड केव्हा येईल, असे विचारणाऱ्या ग्राहकाला पहिल्या नोंदीत घालावयाचे की दुसऱ्या? पाठविलेले कार्ड अद्याप आले नाही, ही चिंता एका नोंदीमागे आहे व कार्ड मागविल्यास किती दिवस लागतात, ही जिज्ञासा दुसऱ्यामागे. परंतु प्रश्नाचे शब्द दोहोंत तेच असू शकतात. येथे सीमा ग्राहकाच्या भाषेने आखलेली नसून बँकेच्या कार्यपद्धतीने आखलेली आहे.

अव्याप्तीचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लिंक १५०’ ह्या संग्रहात १५० इंटेंटांबरोबर, त्यांपैकी कशातच न बसणारे १,२०० प्रश्न मुद्दाम घातले होते. नोंदींत बसणारी वाक्ये ओळखण्यात चांगल्या ठरलेल्या पद्धती न बसणारी वाक्ये ओळखण्यात बऱ्याच उण्या पडल्या, असे त्या अभ्यासात आढळले. ह्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विनियोगाच्या यादीला आपल्या बाहेर काय आहे हे ठाऊक नसते. तिला केवळ जवळ व दूर एवढेच कळते.

शिवाय फॉलबॅकमध्ये दोन भिन्न अपयशे एकत्र मिसळली जातात. एकात क्रिया उपलब्ध असते, पण वाक्याची धाटणी नमुन्यांत नसते. दुसऱ्यात धाटणी साधीच असते, पण क्रियाच उपलब्ध नसते. पहिले अपयश भाषेच्या अभ्यासाने दूर होईल. दुसऱ्यासाठी संस्थेला आपला कारभार बदलावा लागेल. विश्वासांकावरून हा भेद कळत नाही. फॉलबॅकमध्ये साचलेली वाक्ये माणसाने वाचली तरच तो कळतो.

६

मराठीच्या संदर्भात हा विचार अधिक तपशिलाने करावयास हवा. एसटीच्या आरक्षणासाठी असा चॅटबॉट रचावयाचा आहे, असे उदाहरणादाखल गृहीत धरावे. ‘पुण्याहून साताऱ्याला तिकीट हवंय’ हे अगदी साधे वाक्य आहे. इंग्रजीत स्थळनाम व त्याचा कारकसंबंध दाखविणारा शब्द वेगवेगळे उभे राहतात. मराठीत प्रत्यय नामाच्या सामान्यरूपाला चिकटतो आणि नामाचे रूपच बदलते. स्थळांच्या कोशात ‘सातारा’ एवढीच नोंद केली, तर ती अक्षरे ‘साताऱ्याला’ ह्या रूपात सापडत नाहीत. म्हणून सामान्यरूपांची भर कोशात घालतात. परंतु सर्व रूपे एका मूळ नामात विलीन केली, की प्रवास कोठून व कोठे हे सांगणारा प्रत्ययच गळून पडतो. वाक्याचा जो अंश कारकसंबंध वाहून नेतो, तोच नोंदीच्या दृष्टीने निरुपयोगी शेष ठरतो.

‘परवा’ हा शब्द आणखी उद्बोधक आहे. ‘परवाचं तिकीट रद्द करायचंय’ ह्यात तो उद्याच्या पुढील दिवस दाखवितो. ‘परवाच्या तिकिटाचे पैसे अजून मिळाले नाहीत’ ह्यात कालच्या मागील. येथे तुकड्याचे मूल्य संपूर्ण वाक्याच्या क्रियेवरून ठरते. तुकड्यावर कालवाचक अशी खूण केली, तरी दिशेचा निर्णय त्या खुणेत नसतो.

ह्या अडचणी व्याकरणाच्या असल्यामुळे श्रमाने सुटतील. पुढील वाक्याची गोष्ट वेगळी आहे: ‘आईची तब्येत बिघडलीय, उद्याचं निघणं काही जमणार नाही.’ ह्यात तिकीट हा शब्द नाही, रद्द हा शब्द नाही, विनंती नाही, प्रश्नही नाही. तथापि आरक्षणाच्या खिडकीवरील कोणत्याही कारकुनाला ते कळते. तो विचारील, ‘मग पुढची तारीख देऊ, की पैसे परत हवेत?’ हा प्रश्न ऐकल्यावरच बोलणारी व्यक्ती विचार करील आणि ठरवील. म्हणजे खिडकीशी येताना तिच्यापाशी अडचण होती; हेतू अद्याप घडावयाचा होता. तो दोघांच्या बोलण्यातून घडला. इंटेंटची रचना मात्र हेतू संभाषणापूर्वीच पूर्ण तयार असून वाक्यातून केवळ तो ओळखावयाचा आहे, असे धरून चालते. आवश्यक मूल्य राहिल्यास पूरक प्रश्न विचारण्याची सोय तीत आहे. परंतु तो प्रश्न इंटेंट ठरल्यानंतरचा आहे. अडचण सांगून थांबणे, मागणी न उच्चारता समोरच्यावर सोपविणे, ही बोलण्याची रीत मराठीत सर्रास आढळते. हिची नोंद ‘रद्द करणे’ ह्या नावाखाली केली तर तारीख बदलून घेण्याचा मार्ग बंद होतो. ‘तारीख बदलणे’ ह्याखाली केली तर उलट होते. येथे ‘अडचण सांगणे’ अशी, कोणत्याही अंतिम क्रियेशी न बांधलेली व केवळ पर्याय पुढे ठेवणारी नोंद करणे हाच योग्य विनियोग होय.

अशी नोंद इंग्रजी नमुनावाक्यांच्या भाषांतरातून सुचणार नाही. अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॅसिव्ह’ ह्या संग्रहात ५१ भाषा व ६० इंटेंट होते. त्यातील वाक्ये मूळ इंग्रजी संग्रहावरून व्यावसायिक भाषांतरकारांकडून त्या त्या भाषेत उतरवून घेतली होती. हिंदी, बंगाली, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम ह्यांचा त्यात समावेश होता, मराठीचा नव्हता. ह्या अनुपस्थितीची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु समावेश झालेल्या भाषांनाही साठ खण इंग्रजी संग्रहातून आखून आलेलेच मिळाले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मराठीला उशिरा पोचण्याचा एक लाभ घेता येईल: खण भरण्यापूर्वी ते कोणी आखले, हे विचारण्याचा.

७

२०२३ पासून ह्या क्षेत्रात एक लक्षणीय पालट झाला आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये ओपनएआयने आपल्या भाषाप्रतिमानांच्या इंटरफेसमध्ये अशी सोय केली, की रचनाकाराने क्रियेचे नाव, तिचे वर्णन व तिला लागणारी मूल्ये एवढेच लिहून द्यावे; कोणत्या वाक्यावर ती क्रिया योजावयाची ते प्रतिमानाने ठरवावे. नमुनावाक्यांची यादी त्यामुळे अनिवार्य राहिली नाही. उदाहरणांची जागा पुन्हा लक्षणाने घेतली, असे म्हणता येईल. ह्या पद्धतीत नोंदीला ‘फंक्शन’ म्हणतात. ती वक्त्याच्या हेतूचा दावा करीत नाही, उपलब्ध क्रियेचे नाव सांगते. संज्ञेच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे. आईच्या आजाराचे वाक्य अशा प्रतिमानाला उमगण्याचा संभवही अधिक आहे. परंतु क्रियांची यादी अद्याप संस्थेचीच आहे. यादीत नसलेले काम, ते कितीही चांगले समजले तरी, होणार नाही. समजण्याची मर्यादा मागे हटल्यामुळे सोयीची मर्यादा आता अधिक उघडी पडली आहे, एवढेच.

उत्तराच्या जबाबदारीचा प्रश्न तेवढा उरतो. न्यायसिद्धांतमुक्तावलीत शुकवाक्याची चर्चा येते. पढविलेल्या पोपटाला स्वत:ची विवक्षा नसते. मग त्याच्या वाक्यापासून बोध होतो तो कोणाच्या तात्पर्याने? संवादी वाक्यापुरते ईश्वराचे तात्पर्य मानून, विसंवादी, म्हणजे वस्तुस्थितीशी न जुळणाऱ्या वाक्याच्या बाबतीत पढविणाऱ्याचेच तात्पर्य धरावे, असे तेथे म्हटले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे असाच प्रश्न आला. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आप्ताच्या निधनानिमित्त मिळणाऱ्या सवलतीविषयी प्रवाशास चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट आपल्या कृतींना स्वतंत्रपणे जबाबदार आहे, अशा आशयाचा कंपनीचा बचाव न्यायाधिकरणाने मान्य केला नाही व तिला भरपाई द्यावयास लावले. विसंवादी शुकवाक्याचे उत्तरदायित्व पढविणाऱ्याकडे गेले.

तात्पर्याचा निर्णय वक्त्याकडे पाहून करावा लागतो. विनियोग हा करणाऱ्याचा निर्णय असतो व त्याचे उत्तर करणाऱ्याने द्यावयाचे असते. इंटेंटची नोंद ही दुसऱ्या प्रकारात मोडते, हे मान्य केले की तिच्या रचनेचे काही नियम आपोआप निघतात. नोंदीचे नाव वक्त्याच्या मनावरून न देता क्रियेवरून द्यावे. नमुनावाक्ये खिडकीवर, दूरध्वनीवर, अर्जात प्रत्यक्ष बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या लोकांकडून, त्यांची ओळख उघड न करता, जमवावीत. फॉलबॅकच्या उत्तरात ‘समजले नाही’ असे म्हणण्याऐवजी काय होऊ शकते ते सांगावे व माणसापर्यंत पोचण्याची वाट ठेवावी. आणि फॉलबॅकमध्ये पडलेली वाक्ये नियमाने वाचावीत. ती यंत्राचा टाकाऊ माल म्हणून बाजूला पडतात. परंतु मराठी माणूस आपली अडचण कोणत्या शब्दांत मांडतो, ह्याचा इतका विपुल पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यांचे वर्गीकरण हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे, आणि ते अद्याप बहुतांशी व्हावयाचे आहे.